आक्कांची साखर, धाकटीचा दंड

आक्का खोटं बोलायच्या आधी गळ्याला दोन बोटांचा चिमटा घ्यायच्या. "गळ्याशपथ ताई, भाकरी अन् भाजी. दुसरं काय खातो आम्ही?" असं म्हणताना नजर माझ्या मागच्या कॅलेंडरवर. चिमटा दिसला की मी मनातल्या मनात जिलबी धरून चालायची.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. समोर येणारा प्रत्येक माणूस माझ्याशी थोडंफार खोटं बोलतो, याची मला सवय आहे. तुम्हीही डॉक्टरांपुढे बसून अर्धी पोळी कमी सांगितली असेलच. पण बहुतेक लोक चाचरत खोटं बोलतात. आक्का मन लावून बोलायच्या.

त्या मखमलाबादकडच्या. घरची झेंडूची आणि शेवंतीची शेती. साठी उलटलेली, अंगाने भरलेल्या, आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. त्यांच्याबरोबर नेहमी त्यांची धाकटी जाऊ असायची. सटाण्याकडचं माहेर, काडीसारखी बारीक, बोलणं मोजकं. दोघींचे नवरे मागेच गेलेले. एकाच घरात, एकाच चुलीवर दोघींचं चालायचं. आक्का आत माझ्याशी वाद घालायच्या आणि धाकटी बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसायची.

आक्कांची साखर गोळ्यांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या दंडावर सेन्सर लावायला सांगितला. नाण्याएवढी चकती, तिचा केसासारखा तंतू कातडीखाली राहतो. मोबाईलएवढं यंत्र तिच्याजवळ नेलं की त्या घटकेची साखर दिसते आणि दिवसभराची रेघही निघते. पूर्वी आम्ही सगळ्यांना एकच छापील तक्ता द्यायचो. आता कळतं की एकच भाकरी एकाला मानवते, तर दुसऱ्याची साखर छपराला नेते. ज्याची रेघ, त्याचं ताट.

आक्कांनी चकतीला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, गोचीड. "ही गोचीड माझं रगत पिऊन तुम्हाला चहाड्या सांगणार व्हय?"

तिने सांगितल्याच. लग्नसराईतल्या दुपारची एक रेघ तर अशी उभी चढली होती की मी विचारण्याआधीच आक्का म्हणाल्या, "नवरीच्या आईनं जिलबी तोंडात कोंबली." किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मात्र त्याच रेघेतून हेही कळलं, की बाजरीची भाकरी त्यांना चांगली सोसते आणि घाबरून सोडलेलं अर्धं केळंही चालतं. त्या दिवशी त्या मला आशीर्वाद देऊन गेल्या.

डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, की पुढची रेघ सुधारली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. आक्का सुईला फार भ्यायच्या. गायीला इंजेक्शन द्यायचं असलं तरी त्या गोठ्याबाहेर जाऊन उभ्या राहायच्या, असं धाकटीने एकदा मला सांगितलं होतं. दसरा जवळ आलेला, झेंडूची तोड सुरू. येणं जमायचं नाही, पुढची गोचीड घरीच लावते, म्हणाल्या. चकती पंधरा दिवसांनी बदलावी लागते आणि घरी लावता येतेच. मी दिली.

दसरा झाल्यावर दोघी आल्या. धाकटी बाकावर बसली, आक्का हसतहसत आत आल्या आणि यंत्र माझ्यापुढे ठेवलं. "बघा आता. पाटाच्या पाण्यासारखी सरळ रेघ निघती का नाय."

मी रेघ पडद्यावर घेतली. सरळ कसली, सह्याद्री होता. उपाशीपोटीची साखरही चढी, आणि दोन्ही सोमवारी तर शिखरामागून शिखर. मी जरा रागातच विचारलं, की सोमवारी साबुदाणा खाता का.

आक्का भडकल्या. उपास करणारं आपलं तोंड आहे का, सोमवारी आपण पोटभर जेवतो, हे यंत्रच खोटारडं आहे, असं त्या सांगत सुटल्या. या खेपेला गळ्याला चिमटा नव्हता. मीच गोंधळले. मग त्या मध्येच थांबल्या. पडद्याकडे पाहत राहिल्या.

"ताई, ही रेघ खोटी नसती?"

"नसते."

"ज्याच्या दंडावर गोचीड, त्याचीच साखर?"

"हो. दुसऱ्या कोणाची असणार?"

आक्का उठल्या, दाराशी काढलेल्या चपला न घालताच बाहेर गेल्या आणि धाकटीला मनगटाला धरून आत घेऊन आल्या. तिचा पदर बाजूला केला, बाही वर सरकवली. दंडावर चकती होती.

"ही रेघ हिची हाय," आक्का म्हणाल्या. "काडीवानी बाई, सोमवार करती, चतुर्थी करती. म्हटलं, हिची साखर कशाला वाढंल? म्हणून हिला लावली."

मला आधी हसू आलं आणि मग एकदम गेलं. मी धाकटीकडे नीट पाहिलं. गेल्या खेपेपेक्षा ती आणखी वाळली होती. पाणी फार लागतं का, विचारल्यावर तिने मान डोलावली. शेतात जाताना पाण्याचा कॅन ती स्वतःपुरता वेगळा नेत होती. पायाला अंगठ्याशी जखम होती, बऱ्याच दिवसांची, हळद भरलेली. दुखत नाही, असं ती समाधानाने म्हणाली. डॉक्टरांना बोलावलं, तर त्यांना तेच ऐकून धडकी भरली; साखरेने पाय बधिर झाला होता. त्यांनी जखम साफ केली आणि आणखी उशीर झाला असता तर अंगठा गेला असता, असं सांगितलं. इन्सुलिन आजच.

धाकटीने हात जोडले. सुई नको. पाय जाऊ दे, पण सुई नको. आम्ही समजावलं, ती रडायला लागली. आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. मग त्या पुढे आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"आधी मला टोचा. तिला बघू द्या."

त्यांनाही इन्सुलिन लागणारच होतं. डॉक्टरांनी त्यांची साखर तपासली, डोस ठरवला. मी सुई टोचली तेव्हा आक्कांनी डोळे असे मिटले होते, की झाल्यावरही उघडेनात. मग एक डोळा किलकिला करून विचारलं, "झालं पण?" लगेच रुबाबात धाकटीकडे वळल्या. "मुंगी चावली. ये, बस."

धाकटी बसली.

जाताना आक्का दारातून परत आल्या. "ताई, म्या खोटं बोलले म्हणून तिचं सापडलं. खरं बोलले असते तर?" आणि उत्तराची वाट न बघता त्या फार खूश होऊन गेल्या.

पुढे दोघी जोडीनेच यायच्या. स्वतःला टोचून घ्यायची हिंमत दोघींतही नव्हती, म्हणून घरी एकमेकींना टोचायच्या. सोमवारी धाकटी आता दोन्ही वेळ जेवायची. देवाला मी समजावलंय, असं आक्कांनी मला सांगितलं.

गेल्या मार्गशीर्षात आक्का पहाटे झोपेतच गेल्या. हृदय थांबलं. मी भेटायला गेले तेव्हा ओसरीवर शेवंतीच्या फुलांचे क्रेट लागले होते आणि माणसं हळू आवाजात बोलत होती. जेवणाची वेळ झाली तशी धाकटी आत गेली. बराच वेळ झाला म्हणून मी मागे गेले. ती फ्रीजसमोर इन्सुलिनचं पेन हातात धरून उभी होती. मी टोचून देते, म्हटलं. तिने मानेनेच नको म्हटलं, पोटाचं कातडं चिमटीत धरलं आणि स्वतःच टोचलं.

मग तिने पेनाला टोपण लावलं.

"दुखलंच नाय," ती म्हणाली. "म्हंजी आक्का मुद्दाम जोरात टोचायच्या."

आणि पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली.