हार्पू, म्हणजे सैल सोडा

त्या दिवसांत मला कुणी “शांत राहा” म्हटलं की मस्तकात तिडीक जायची. माझ्या यजमानांना लकव्याचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं पार गेलं. डॉक्टर म्हणाले, चालणं हळूहळू जमेल, वाचेचं काही सांगता येत नाही. भेटायला येणारा जो तो एकच सांगायचा, “शांत राहा, प्रभू पाहून घेईल.” मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, तो पाहत असता तर हे झालंच कसं? जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली मी. असा विचार येतो याची लाज वाटायची. पण प्रार्थनेला डोळे मिटले की एक शब्द सुचत नसे.

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर यांनी हिब्रू शिकायला घेतली होती. आमच्या चर्चमागच्या खोलीत बुधवारी संध्याकाळी एक छोटा वर्ग भरतो. जुना करार हिब्रूतून, नवा ग्रीकमधून. एक मूळ शब्द घ्यायचा, तो पवित्र शास्त्रात आणखी कुठे कुठे आलाय ते शोधायचं, आणि मग आपल्या मराठी ओळीकडे परत यायचं. शिकवणारे सर नागपूरकडचे, कॉलेजातून निवृत्त झालेले. यांना त्या वर्गाची भारी गोडी. झटक्यानंतरही बुधवार आला की हे दाराकडे बघत बसायचे. शेवटी मी यांना ऑटोत बसवून नेऊ लागले. यांच्यासाठी पानं उलटता यावीत म्हणून ती उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं मीही शिकले.

एका बुधवारी सरांनी सेहेचाळिसावं स्तोत्र काढलं, आणि त्यात नेमकी तीच “शांत राहा”ची ओळ आली. मला राहवलं नाही. “सर, तुम्ही तरी मले हे नका सांगू. सगळेच सांगून राहिले.”

सर रागावले नाहीत. म्हणाले, “वहिनी, मुळात काय आहे ते वाचा ना.” मी अक्षरं जुळवत वाचलं, “हार्पू.” ते हसले. “आपल्या हरपण्यासारखं ऐकू येते, पण नातं काही नाही. धातू शोधा.” शब्दकोशात अर्थ होता ढिलं पडणं, सैल सोडणं. घाबरलेल्या माणसाचे हात गळून जातात, तिथेही हाच धातू. म्हणजे देव गप्प बसायला सांगत नव्हता, हात सैल सोडायला सांगत होता. हे कळल्यावर तर मी आणखीच चिडले. “हात सोडू? अन् हे पडले तर?” सर हळूच म्हणाले, “त्याचं उत्तर शब्दकोशात नाही, वहिनी.” हे शेजारी खुर्चीत बसून माझ्याकडे एकटक बघत होते.

सकाळी मी यांना तेलीबांध्याच्या तळ्याकाठी चालायला न्यायची. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने बजावलं होतं, नुसता आधार द्या, ओढू नका. पण माझा जीव थाऱ्यावर नसे. दोन्ही हातांनी मी यांचा दंड आवळून धरायची. हे कोपर झटकायचे, मी आणखी घट्ट धरायची. एके दिवशी एक वयस्क सरदारजी काठी टेकत समोरून आले. त्यांचाही एक पाय किंचित घासत होता. थांबून म्हणाले, “बहनजी, चल तो आप रही हैं. भैया तो बस लटके हुए हैं.” मी काही बोलायच्या आत ते यांच्या दुसऱ्या बाजूला आले. “मुझे भी हुआ था. मेरी घरवाली भी ऐसे ही पकड़ती थी. छोड़िए, मैं इधर खड़ा हूँ.”

मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ वाकडे होत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. आणि घशातून आवाज आला, “सो… सोड.”

इतक्या महिन्यांतला हा यांचा पहिला शब्द. माझी बोटं आपोआप उघडली. श्रद्धेनं उघडली असं म्हणणं खोटं होईल, मी हबकूनच गेले होते. हे हलले, एकीकडे कलले, सावरले. सरदारजींचा हात यांच्या पाठीमागे होता, पण लागला नव्हता. पाय घासत हे एकटे पुढच्या बाकापर्यंत गेले, बसले आणि वाकड्या तोंडानं हसले. मी तिथेच पदरात तोंड घालून रडले. डोळे पुसून पाहिलं तर सरदारजी फिरणाऱ्या लोकांत पुढे निघून गेले होते. त्यानंतर मी त्यांना पुष्कळ शोधलं, पण ते दिसले नाहीत. कुणाकडे पाहुणे आले असतील. ते कोण होते याबद्दल मी काही म्हणत नाही. ते त्या सकाळी तिथे होते, माझ्यासाठी एवढं पुरे आहे.

पुढे यांची वाचा तुकड्या-तुकड्यानं परत येऊ लागली. मी एकदा विचारलं, “तवा तुम्हाले वर्गातला शब्द आठवला होता काय?” यांनी बराच वेळ जुळवाजुळव केली. म्हणाले, “हात… दुखत होता.” आम्ही दोघं खूप हसलो.

त्या धातूचा पिच्छा मात्र मी सोडला नाही. शोधता शोधता जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात येऊन थांबले. मोशे घाबरलेल्या लोकांना सांगतो, देव तुला सोडणार नाही. त्या “सोडणार नाही”मध्ये तोच धातू! आपल्याला सैल सोड म्हणणारा स्वतःची पकड सैल करत नाही. त्या दिवशी डोळे मिटल्यावर प्रार्थना आली.

यांचा उजवा हात अजून पुरता उघडत नाही. मध्ये अंगणात एकदा पडलेसुद्धा, कपाळाला खोक पडली. पण आता सकाळी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला हे एकटे जातात. फाटक वाजतं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहते. पाय दाराकडे ओढ घेतात. मी जात नाही. “प्रभू, तू धरलंयस,” एवढंच म्हणते आणि चहाचं पाणी ठेवते.