लताचे बाबा आले आहेत

बाई गेल्याचा निरोप घेऊन दवाखान्यातली नर्स आली तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत होते. बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, कुसुम. नागपुरात नंदनवन वस्तीतल्या त्या दवाखान्यात ती नऊ वर्षं आया होती. सकाळी कामावर गेली, एका पेशंटच्या खाटेवरची चादर बदलली, आणि तिथेच खाली बसली ती उठलीच नाही. नर्स म्हणाली, "त्रास नाही झाला हो त्यांना." मला त्या पोरीचा राग आला. तिचा काही दोष नव्हता, पण त्रास नाही झाला म्हणजे काय? कोणाला विचारून म्हणाली ती?... आता सव्वा महिना होत आला. मन हळूहळू शांत होतं असं सगळे सांगतात. माझं होत नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून बाईच्या लेकीच्या, लताच्या, जुन्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

बाई खाप्याची. मॅट्रिक पास झालेली. आमच्या घरात तेवढं शिकलेलं दुसरं कोणीच नव्हतं, पुरुषसुद्धा नाहीत. मी चौथीतून उठलेली. लग्न होऊन आले तेव्हा रेशनकार्डसुद्धा मला अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागे. ती जवळ बसून बोट फिरवायची आणि मी वाचेपर्यंत थांबायची, मधे सांगून टाकायची नाही. तिचे यजमान, म्हणजे माझे भासरे, एका ठेकेदाराच्या कामावर रायपूरकडे गेले आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसले. तीन वर्षांत एकदाही घरी आले नाहीत. त्यांची मुलगी लता तेव्हा सहा वर्षांची होती, पहिलीत जायची. एक दिवस जेवायला वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "नवराच नाही इथं, तं सून कोणाची म्हणून ठेवायची? दिवाळी झाली का पोरीले घे अन खाप्याले भावाकडे जाय." सासऱ्यांनी मान वर न करता सांगितलं, "कमावत असन तं राहू दे." झालं. भावाच्या घरी तिला काय मान मिळणार आणि लताची शाळा किती दिवस चालणार, हे ती ओळखून होती. दुसऱ्या दिवसापासून पेपर वाचायला बसली, मागच्या पानावरून.

सिव्हिल लाइन्समधल्या एका कंपनीला ऑफिसात स्वागतिका पाहिजे होती. बाईने अर्ज टाकला आणि मुलाखतीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की मुलाखतीबरोबर चाचणीही होईल. चाचणी कसली, ते टेलिफोन ऑफिसात काम करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एका शेजारणीने समजावून सांगितलं. फोन घ्यायला लावतात, निरोप लिहून घ्यायला लावतात, आणि खोटे खोटे पाहुणे आणून त्यांची नावं आत साहेबाला कळवायला लावतात. आमच्यापैकी कोणी तोवर फोन हातात धरलेला नव्हता. मग रोज दुपारी सासूबाई झोपल्या की आमची शाळा भरायची. परसातल्या वेलाचा एक वाकडा दोडका आम्ही फोन केला. ती कानाला दोडका लावून बसायची आणि मी दारातून पाहुणा होऊन यायची. मला मेलीला हसू आवरायचं नाही. "पाहुणा पदरात तोंड घालून हासत नाई वं मंदे," ती दटावायची, "तू कारखान्याचा मालक आहेस, तसा चाल." मालक कसा चालतो ते मला काय ठाऊक? मी पोट पुढे काढून चालले की तिलाच हसू फुटायचं. संध्याकाळी सासूबाईंनी भाजी काय म्हणून विचारलं की ती म्हणायची, "टेलिफोन चिरला."

पण ती मन लावून करायची. "नमस्कार. आपलं नाव? कोणाला भेटायचं आहे? बसा, मी विचारून सांगते." मग दोडक्यात, "साहेब, अमुक अमुक आले आहेत. पाठवू का?" घरात आम्ही साऱ्या मले-तुले बोलणाऱ्या. ती स्वतःला मला-तुला करायला लावायची. चुकून साहेबांले म्हणाली की स्वतःच्याच हातावर चापट मारायची. नावं शोधून आणायचं काम माझं होतं. मी रेशन दुकानदाराचं नाव आणलं, लताच्या गुरुजींचं आणलं, माझ्या चौथीच्या वर्गातल्या सगळ्या मुलांची हजेरी आणली. दोन आठवड्यांत मी तिच्या दारात शंभर माणसं तरी उभी केली असतील. त्यात आमच्या घरातलं नाव एकही नव्हतं.

आमच्याकडे सुनेने सासऱ्याचं, नवऱ्याचं, भासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. माझ्या भासऱ्यांचं नाव दत्तात्रय. आज लिहिते आहे, तरी हात अडखळला. त्या नावापायी आम्ही दोघी जावा दत्ताच्या देवळाला औदुंबराचं देऊळ म्हणायचो, आणि दत्तजयंती आली की मार्गशीर्षाची पुनव. मुलाखतीच्या दोन दिवस आधी बाई दोडका खाली ठेवून म्हणाली, "मंदे, अन तेच नाव आलं तं?" मी कानावर हात ठेवले. "शिव शिव! एवढ्या मोठ्या नागपुरात तेच येते का? काहून अभद्र काढून राहिल्या?" तिने दोडका पुन्हा कानाला लावला. मग म्हणाली, "बरं, दुसरं सांग." आणि मी दुसरं सांगितलं... मी तेव्हा "घेऊन पाहा बाई, इथं आपण दोघीच आहोत" एवढं म्हणाले असते तर! त्या वेळी मला तो धर्म वाटला. माझ्या रागातला अर्धा राग माझ्यावरच आहे.

मुलाखतीला मी सोबत गेले. मोठ्या खोलीत भिंतीला लागून बाक होते, त्यावर आलेल्या मुली बसलेल्या. मी सगळ्यात शेवटच्या बाकावर, तिची पिशवी मांडीवर घेऊन. मधे टेबल, टेबलावर खरा काळा फोन. साहेब काचेच्या पलीकडे आणि टेबलाजवळ एक तरुण अधिकारी, हातात पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. बाई हिरव्या काठाची पांढरी साडी नेसली होती. तिने फोन उचलला तेव्हा तो जड लागून तिचा हात जरा खाली गेला, पण लगेच सावरली. निरोप लिहून घेतला, वाचून दाखवला. पहिला पाहुणा, दुसरा पाहुणा... अगदी आमच्या बैठकीत बसल्यासारखी बोलत होती. साहेबांनी काचेतून मान डोलावली. बाजूची मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "यांचंच होणार." मग त्या अधिकाऱ्याने तिसरी चिठ्ठी पुढे केली.

तिने चिठ्ठी पाहिली आणि फोन उचलला. नंतर काहीच नाही. मला पाठमोरी दिसत होती, मानेवर घाम आलेला. मला वाटलं पाहुण्याचं आडनाव अवघड असेल. मग ती फोनमध्ये स्पष्ट म्हणाली, "साहेब, लताचे बाबा आले आहेत."

साहेब आतून म्हणाले, "कोण?"

"लताचे बाबा."

सगळी खोली हसली. साहेब हसले, दारातला शिपाई हसला, बाकावरच्या मुली रुमाल तोंडाला लावून हसल्या. तो अधिकारी म्हणाला, "बाई, हे कंपनीचं ऑफिस आहे. तुमच्या घरची ओसरी नाही. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते वाचा." तिने चिठ्ठी पुन्हा डोळ्यांसमोर धरली. तो म्हणाला, "वाचता येत नाही का? मग मॅट्रिकचं सर्टिफिकेट कोणाचं उचलून आणलं?"... मला वाचायला शिकवणाऱ्या बाईला तो हे विचारत होता. उठून सांगायला हवं होतं की अरे, तिला येतं वाचायला, नाव तिच्या नवऱ्याचं आहे, आमच्यात घेत नाहीत. एवढंच तर होतं. मी पिशवीचे बंद हातात पिळत बसून राहिले. बाईने फोन नीट जागेवर ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर आली. त्या लोकांना हसू आलं याचा मला राग नाही. हसून झाल्यावर तिला काय झालं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही, याचा आहे.

घरी आल्यावर मीच रडत रडत सांगितलं. सासूबाईंचा चेहरा फुलला. "पाहा, याले म्हणतात सून! नोकरी गेली तं गेली, पण नाव नाई घेतलं माह्या लेकाचं." दारावरून जाणाऱ्या बायकांना बोलावून त्यांनी हे सांगितलं. आणि दिवाळी झाल्यावर त्याच सोन्यासारख्या सुनेला ट्रंक देऊन खाप्याच्या गाडीत बसवलं. लताची शाळा सुटली ती दीड वर्ष. पण त्याआधी, मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी, बाई मला चुलीपाशी म्हणाली, "दार लोट." मी लोटलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दत्तात्रय." मग आणखी एकदा, दोनदा, सात-आठदा. काही अडलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आता निघून राहिलं नं वं? तवा काहून नाई निघालं?"

दीड वर्षाने ती लताला घेऊन कोणाला न विचारता नागपूरला परत आली. नंदनवनात एक खोली घेतली, दवाखान्यात आया म्हणून लागली. काउंटरवर बसणारी मुलगी रजेवर असली की डॉक्टर बाईलाच तिथे बसवायचे. फोन घेणं, पेशंटची नावं आत कळवणं, सगळं तिने करायचं. मुलगी परत आली की हिच्या हातात पुन्हा बादली. मी म्हणायची, "ते काम मागा नं डॉक्टरले." ती म्हणायची, "मागितलं. मॅट्रिकवर आता घेत नाईत म्हणते." नऊ वर्षांत ज्या कामाला ती चालत होती, त्या कामावर तिचं नाव कधी लागलं नाही.

आणि बाईच्या तेरावीला भासरे आले. चौदा वर्षांनी. पांढरे कपडे घालून बैठकीत पुढेच बसले. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवला, दुसरं मला काय येतं? आत कप भरताना त्यांचा आवाज ऐकू आला. "संसार नाई झाला आमचा, नशीब. पण बाई लाखात एक. मरेपर्यंत तिनं माझं नाव तोंडातून काढलं नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आमचे हे सुद्धा म्हणाले, "खरं आहे दादा." बशीत चहा सांडला माझ्या हातून... तोही पुसून मी कप बाहेर पाठवला.

दुसऱ्या दिवशी लताबरोबर बाईची खोली आवरायला गेले. मोरीत तिच्या दोन साड्या भिजवलेल्या तशाच होत्या, पाण्याला वास आला होता. लता कपाट आवरत होती. मी पदर खोचून धुवायला बसले, लाकडी मोगरी हातात घेतली. या खोलीत मी पहिल्यांदा आले तेव्हा बाई इथेच बसली होती. प्रत्येक फटक्याला एकदा, ठणठणीत आवाजात, ती भासऱ्यांचं नाव घेत होती. पुढे नऊ वर्षं रोज सकाळी घेत होती. शेजारणींना वाटायचं, बाई मोठी देवभक्त. मी आले तरी ती थांबत नसे. "बस, एवढं लुगडं झालं का चहा टाकते," म्हणायची, आणि पुन्हा मोगरी उचलायची.

मी साडीवर मोगरी आपटली. पहिल्या फटक्याला माझ्या तोंडून काही निघालं नाही. दुसऱ्याला निघालं, अगदी बारीक.

लता आतून म्हणाली, "काकू, काय म्हणून राहिली तू?"

"तुझ्या बापाचं नाव घेऊन राहिली."

ती दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, मोगरीकडे पाहिलं.

"मंग जोऱ्यानं घे नं," ती म्हणाली.