पेवातल्या ज्वारीची भाकर

आज सुनेनं ज्वारीचं पोतं उघडलं आणि दमट, आंबूस वास आला. "खराब निघाली," ती म्हणाली. मी मात्र मनानं हसनाबादला सखुबाईंच्या चुलीपुढे जाऊन बसलो.

निजामाचं राज्य, धान्याच्या सक्तीच्या लेव्हीचे दिवस. एका मासिकात प्रवासवर्णन लिहायचं म्हणून मी पायी हिंडत होतो. सखुबाईंच्या नवऱ्यानं, दगडूबांनी, माझ्यादेखत अंगणातलं पेव उघडलं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात त्यांनी वर्षाची ज्वारी लपवली होती. तिला असाच वास होता. तिच्या गरम भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. चार भाकरी खाल्ल्या आणि तुमचं नाव छापतो, असा शब्द देऊन निघालो.

लिहिताना हात अडला. पेवाचं लिहिलं तर लेव्हीवाले खणून नेतील. भाकरीचं लिहिलं तरी विचारतील, दाणे कुठून आले? शेवटी लिहिलं, "हसनाबादेत दगडूबांकडे पाणी प्यालो." तेच छापून आलं.

पुढच्या खेपेला गेलो, तोवर तो अंक गावात वाचून झाला होता. दगडूबा म्हणाले, "बराबर केलं." सखुबाई दारातच उभ्या राहिल्या.

"चार भाकरी खाऊन गेल्ते ना तुमी? मंग आमी नुस्तं पानी पाजलं म्हनून का लिवलं?"

त्यांनी पीठ काढलं, पुन्हा भाकरी टाकल्या. खाताना माझी मान वर झाली नाही.

काय लिहायला हवं होतं, ते अजून कळलेलं नाही. सून पोतं बाहेर काढत होती. म्हटलं, "थांब. आधी एक भाकर टाक."