केळीच्या पुठ्ठ्यावर दोन शब्द

शाहपूरच्या आमच्या चहाच्या टपरीवर अण्णांचे किस्से इतके साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर चार जण मध्येच "अन् तो?" करतात. आता हसू येत नाही, ते सोडा.

अण्णा म्हणजे गणिताचे रिटायर मास्तर. टीव्हीवर युद्ध सुरू झालं की हे बसस्टँडवर उभे! एकटेच. हातात केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर दोन शब्द: युद्ध नको.

*

पहिल्याच दिवशी हवालदार आला; आमच्याकडे सरकारी माणूस हिंदीच बोलतो. भला माणूस! "मास्टरजी, बस की राह देख रहे हो ना? इतना बोल दो, मैं चला जाऊँगा."

"बस तो कब की निकल गई, साहब. मैं युद्ध के खिलाफ खड़ा हूँ."

अर्धा दिवस ठाण्यात बसवलं! आणायला मी गेलो. म्हटलं, "अण्णा, एक थाप मारली असती तर?"

"जमत नाही रे."

खरंच जमत नाही. बायकोनं भाजी कशी झाली विचारलं, तरी घरात भांडण!

*

सुदामभाऊ केळीचे व्यापारी, टपरीवरचे आमचे पुढारी. ते एकदा म्हणाले, "अण्णा, तुमच्या उभं राह्यल्यानं युद्ध थांबीन का?"

"नाही थांबणार. फक्त त्यात माझा होकार धरू नका."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. लाज वाटते आता.

*

मग आखाताकडे युद्ध पेटलं आणि आमच्या केळीचे कंटेनर बंदरात अडकले. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शेजारी सुदामभाऊ! मागे अख्खा बाजार! "युद्ध नको!" अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

दोन आठवड्यांनी कंटेनर सुटले. त्या सकाळी अण्णा पुन्हा एकटेच. युद्ध तर चालूच होतं!

*

नंतर आपल्याच सीमेवर पेटलं. अण्णांना शिव्या पडल्या, टपरीवर त्यांचा चहा बंद झाला. तरी ते उभेच.

एका सकाळी खकनारच्या बसमधून कमलबाई उतरल्या. त्यांचा एकुलता पोरगा सीमेवर, हे सगळ्यांना ठाऊक. बाई तडक अण्णांकडे निघाल्या. आता ही चप्पल काढते, म्हणून मी धावत जवळ गेलो.

बाईंना वाचता येत नव्हतं. "काय लिव्हलंय, मास्तर?"

अण्णांनी वाचून दाखवलं.

बाईंनी पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "सीमेच्या तिकडंबी कोणी असं उभं असंन का हो?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठा उलटा करून छातीशी धरला.

"आहे ना, बाई," अण्णा म्हणाले. "रोज उभा राहतो."