आधी ऑइल, मग नागपूर

गाडीचं ऑइल बदलायचं राहिलं म्हणून माझा नवरा गेला.

डॉक्टर हार्ट अटॅक म्हणतात. म्हणू दे.

आज वर्ष झालं. सकाळपासून फोन येताहेत, मास्तर किती शिस्तीचे होते म्हणून. ती शिस्त मला विचारा.

पाहुणा दारात आला की 'जय भीम' नंतर, आधी त्याच्या गाडीचं बॉनेट. ऑइल मोजायची पट्टी ओढणार, स्वतःच्या पांढऱ्या रुमालाला पुसणार, नाकाशी धरणार.

"ऑइल कधी बदलवलं जी?"

पोरीच्या साक्षगंधाला व्याह्यांनाही सोडलं नाही. मी चहा घेऊन बाहेर येते तर व्याही उन्हात बॉनेटपाशी उभे, आणि यांचा वर्ग सुरू!

ऑइल म्हणजे गाडीचं रक्त, म्हणायचे. स्वतःचं रक्त तपासायला चला म्हटलं की सुई टोचते.

मग छातीत दुखायला लागलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला जाऊन अँजिओग्राफी करा, उशीर करू नका.

यांनी गाडी मेकॅनिककडे नेली.

"आधी ऑइल बदलवतो, इंजिन फ्लश करून आतून धुतो, मंग निंगू. रस्त्यात इंजिन बसलं तं काय करशीन?"

"बसनं जाऊ न! तुमच्या छातीत दुखून राह्यलं, गाडीच्या नाही."

"घरी गाडी असून बसनं? काऊन?"

मेकॅनिकसुद्धा वैतागला. "सर, इंजन एकदम साफ है. फ्लश काय कू?"

पण ऐकतील ते मास्तर कसले. फ्लशची बाटली इथं मिळेना, ती निर्मल गावाहून मागवली. गाडी गॅरेजमध्ये, हे खुर्चीत, आणि मी कपाळाला हात लावून.

बाटलीच्या आधी अटॅक आला.

नागपूरला नेताना अँब्युलन्समध्ये मी हात धरून बसले होते. यांनी डोळे उघडले. वाटलं, आता माझ्याशी काही बोलतील.

"भाऊ, ऑइल कधी बदलवलं?"

ड्रायव्हरला!

तो बिचारा म्हणाला, "अब्बीच बदलाए, साब."

समाधानानं हसले. पैनगंगेचा पूल यायच्या आत गेले.

एवढ्या संसाराचं शेवटचं वाक्य, तेही परक्या माणसाच्या गाडीबद्दल. असा राग येतो ना! पण काढू कोणावर?

गाडी तशीच घरी आली. वर्षभर दारात उभी, पोटात तेच जुनं ऑइल. पोरगी म्हणते, विकून टाक.

आज सकाळी मी ती गॅरेजमध्ये नेली. फ्लशसुद्धा करायला लावलं. मेकॅनिकनं या वेळी लगेच बाटली उघडली.

मग मीच पट्टी ओढली. यांच्याच रुमालाला पुसली. ऑइल मधासारखं स्वच्छ होतं. तिथंच रडू आलं.

श्रद्धांजली तुम्ही लिहा खाली कमेंटमध्ये. मला यांना एवढंच सांगायचं आहे.

मास्तर, ऑइल बदलवलं.

चला आता नागपूरला.