आमच्या ह्यांचं कारण

आमचे हे वीस वर्षं एका टोळीत वसुलीला होते. म्हणजे बाजारात फिरायचं आणि दुकानदारापुढे नुसतं उभं राहायचं. बाकीचं तो बिचारा आपणच समजून घ्यायचा. मग तुरुंग झाला, गुडघे गेले, आणि आता घरी बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटतात. मी सोसलं. लेकीने मात्र अबोला धरला. तिच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांचं कापडाचं दुकान ह्यांच्याच पायी बंद पडलं आणि ते कुटुंब शहर सोडून गेलं. लेक म्हणाली, असे का झालात ते सांगा, मगच बोलेन. ह्यांना काही सांगता येईना.

तेवढ्यात एक प्राध्यापक आले. संघटित गुन्हेगारीवर पुस्तक लिहीत होते. ह्यांना वाटलं, देवच पावला. आता शिकलेला माणूस कारण काढून देईल आणि ते लेकीपुढे ठेवता येईल. इस्त्रीचा शर्ट घालून बसले. लेक आतल्या खोलीत होती, म्हणून दार मुद्दाम उघडं ठेवलं.

प्राध्यापक म्हणाले, स्वप्नं मोठी आणि सरळ वाटा बंद असल्या की माणूस आडवाटेला लागतो. ह्यांनी लगेच चेहरा गरीब केला. सासूबाई पलंगावरून कडाडल्या, की बापाची दोन दुकानं होती, गल्ल्यावर बस म्हटलं तर मेल्याला झोप यायची.

मग संगतीचा विषय निघाला. गुन्हा म्हणे जवळच्या लोकांकडून शिकला जातो. ह्यांनी तेही पत्करलं. मला राहवेना. अहो, ह्यांचे सगळे सोबती मास्तर नाहीतर कारकून झाले. त्यांच्या आयाच पोरांना ह्यांच्यापासून लांब ठेवायच्या.

शेवटी प्राध्यापकांनी ठेवणीतलं काढलं. जिथे कायदा पोचत नाही तिथे टोळी संरक्षण विकते. हे ऐकून आमचे हे खुर्चीत ताठ झाले. सेवाच म्हणा की, म्हणाले. मी विचारलं, संरक्षण कुणापासून? बाजारात दुसरी टोळीच नव्हती. हे प्राध्यापकांकडे बघायला लागले. प्राध्यापक चष्मा पुसत बसले.

लेक दारात आली. ह्यांच्याकडे न बघताच तिने पाहुण्यांना विचारलं, अजून किती कारणं उरलीत? ह्यांचा चेहरा पार उतरला. मला कीव आली, खोटं कशाला बोलू.

"मला आवडायचं," हे म्हणाले. "मी आलो की लोक गप्प व्हायचे. ते आवडायचं. दुसरं काही नाही."

"माझ्या मैत्रिणीच्या बाबांना घाबरवतानासुद्धा?" लेकीने विचारलं.

ह्यांनी मान वर केली नाही. "हो. तो ओळखीचा होता, त्यामुळे जास्तच."

लेक तिथेच खाली बसली आणि रडली. ह्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

डोळे पुसून ती म्हणाली, "बाबा, हेच त्यांना जाऊन सांगा. पत्ता आहे माझ्याकडे. मी येते बरोबर."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.