पहिलीचं साल

लातुरात कुणाच्या घरी पाळणा हलणार, हे डॉक्टरांच्याही आधी ओळखणारा एकच माणूस आहे: माझ्या बायकोचे मामा. ते निवृत्त मुख्याध्यापक. रिंग रोडच्या पलीकडे, नव्या वसाहतीत त्यांचं घर आहे. पण त्या घरात मामांना बसलेलं मी कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा उभ्याने, तोही दुसऱ्याच्या दारात. सकाळी फिरताना बाकीचे निवृत्त लोक पावलं मोजतात, मामा दोऱ्यांवर वाळणारी दुपटी मोजतात. एखाद्या प्लॉटवर पायासाठी चुना टाकलेला दिसला की मालकाला पहिला प्रश्न, "लेकरं किती?" वसाहतीत नुकतं घर घेतलेल्या एका नवरदेवाला तर त्यांनी लग्नाच्या पंगतीतच गाठलं होतं. "शाळा मंजूर व्हायला लई वर्षं लागतेत. काय ठरलं असंल ते आत्ताच सांगून ठेवा." नवरदेवाच्या हातातला घास हातातच राहिला.

बारशाला लोक झबलं-टोपडं नेतात. मामा पाटी नेतात. दगडी, लाकडी चौकटीची. चौकटीवर पांढऱ्या रंगात बाळाचं नाव आणि ते पहिलीत जाईल ते साल. एका आजीबाईंनी हटकलं, "अहो गुरुजी, पोरगं अजून मान धरीना की!"

"मान धरंल हो मावशी. जागा धरून ठेवाया पायजे," मामा म्हणाले आणि जेवायला न थांबता निघाले.

जागा म्हणजे वसाहतीच्या नकाशात शाळेसाठी राखून ठेवलेला प्लॉट. ज्याने प्लॉट पाडून ही वसाहत वसवली, त्या मालकाला तिथे मंगल कार्यालय बांधायचं होतं आणि त्याने आरक्षण उठवण्याचा अर्ज केला होता. इथं शाळेत जाणारी लेकरंच न्हाईत, हे त्याचं म्हणणं. दिवसा पाहिलं तर ते खरंही वाटे, कारण सकाळीच सगळी मुलं ऑटोत कोंबून रिंग रोड ओलांडून शहरातल्या शाळांत जात. त्यात मामांची नातही होती, बालवाडीत. तिचा ऑटो रस्ता ओलांडेपर्यंत मामा दुभाजकावर हात वर करून उभे राहत आणि ऊस भरलेल्या ट्रकांकडे, जणू ती गृहपाठ न केलेली मुलं असावीत, तसे बघत.

अर्जावर सुनावणी लागली तेव्हा मामांनी मला ओढून नेलं. "जावईबापू, तुम्ही पेपरवाले. निस्तं बसू नका, लिहून घ्या." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मुलं असल्याचा पुरावा मागितला. मामांनी दार उघडलं. वसाहतीतल्या बायका एकामागून एक आत आल्या, प्रत्येकीच्या काखेत पाटी. टेबलावर थप्पी लागली. एका पाटीवर तूरडाळ आणि साबण लिहिलेलं होतं. दुसरीवर माठाचा गोल डाग, ती झाकण म्हणून वापरात होती. साहेब चौकटींवरची सालं एकेक करून वाचत गेले.

मालक हसला. "गुरुजी, अशा पाट्यांवर शाळा चालती व्हय?"

"न्हाई," मामा म्हणाले. "जागेवर चालती."

आरक्षण कायम राहिलं. मी बातमी दिली, ती आतल्या पानावर छापून आली. त्यानंतर प्लॉटभोवती तारेचं कुंपण झालं आणि आत वेडी बाभूळ वाढली. एवढंच झालं.

पुढच्या जूनमध्ये सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर मामा ओसरीत बसले होते. चक्क बसले होते. मांडीवर नातीची पाटी, हातात टर्पेंटाइनचा बोळा.

"हिचं साल आलं," ते म्हणाले. "पहिलीतबी रस्त्यापल्याडच घातली. म्हणलं पाटी साफ करून समोरच्यांना द्यावी. गुरुवारी बारसं हाय त्यांच्यात."

साल पुसून झालं होतं. नावापाशी बोळा दोनदा गेला आणि दोन्ही वेळा न टेकताच मागे आला.

गल्लीत ऑटोचा हॉर्न वाजला. मामांनी पाटी माझ्या हातात दिली, चपला शोधत बसले नाहीत, अनवाणीच दुभाजकाकडे निघाले.